प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेले मापाचे भांडे: चार महिन्यांच्या वापरानंतर

ज्या वस्तूविषयी मी लिहीत आहे ती दिसायला अगदी साधी आहे. एक लिटरचे, अर्धपारदर्शक पांढऱ्या प्लास्टिकचे, मूठ आणि चोच असलेले मापाचे भांडे; शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे. ते मी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या, म्हणजे आताच्या शामलदास गांधी मार्गावरच्या, एका सर्जिकल सामानाच्या दुकानातून दीडशे रुपयांच्या आत विकत घेतले. तेव्हापासून ते आमच्या गिरगावातल्या चाळीच्या खोलीत, मोरीच्या कट्ट्याखाली ठेवलेले आहे. त्याचा उपयोग एकच, आणि तो म्हणजे माझी लघवी मोजणे. माझे वय ६७ आहे आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचे निदान होऊन तीन वर्षे झाली आहेत. या तीन वर्षांत घेतलेल्या गोळ्या, काढे आणि करून घेतलेल्या चाचण्या यांपैकी कशानेही माझ्या आजाराची मला जेवढी नीट ओळख करून दिली नाही, तेवढी या भांड्याने आणि त्याच्या जोडीला ठेवलेल्या शंभर पानी वहीने करून दिली.

ही ओळख होणे अवघड का असते, ते आधी सांगायला हवे. मोतीबिंदू वाढत जातो तेव्हा दृष्टी हळूहळू एकाच दिशेने मंदावत जाते. प्रोस्टेटच्या त्रासाचे तसे नाही. काही दिवस धार चांगली असते, रात्री एकदाच उठावे लागते आणि आपण बरे झालो असे वाटू लागते. मग दिसण्यासारखे कोणतेही कारण नसताना चार-सहा दिवस असे येतात, की मोरीपाशी उभे राहून मिनिटभर वाट पाहावी लागते, धार मध्येच तुटते, शेवटी थेंब थेंब पडत राहतात आणि वळून खाटेपर्यंत येईतो पुन्हा जावेसे वाटते. ग्रंथी काही चार दिवसांत वाढत नाही की आक्रसत नाही. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची, अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी माझ्या सोनोग्राफीत ४८ ग्रॅमची निघाली, आणि ती चांगल्या दिवशीही तेवढीच असते. बदलत असतो तो ग्रंथीतल्या आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेल्या स्नायूंचा ताण, मूत्राशयाची आकुंचन पावण्याची ताकद आणि मूत्रपिंडांतून उतरणाऱ्या लघवीचे प्रमाण. त्रास भोगणाऱ्याला मात्र या तीन गोष्टी वेगळ्या जाणवत नाहीत. त्याला फक्त इतकेच कळते, की आज पुन्हा बिघडले.

मी पालिकेच्या एका रुग्णालयात दर दोन महिन्यांनी दाखवायला जातो. तेथे एक छापील प्रश्नावली भरून घेतात. तिच्यात सात प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण असतात आणि एकूण गुण ३५ होतात. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र असे तिचे गणित आहे. प्रश्न गेल्या महिनाभराविषयी विचारलेले असतात, परंतु मी उत्तरे देत असे ती आदल्या दोन दिवसांच्या आठवणीवरून. चांगल्या आठवड्यात गेलो की नऊ गुण होत आणि डॉक्टर ‘सुधारणा आहे, हेच चालू ठेवा’ असे लिहीत. वाईट आठवड्यात गेलो की १९ होत आणि शस्त्रक्रियेचा विषय निघे. दोन्ही वेळा आजार तोच होता, गोळीही तीच होती. रात्री जेवणानंतर टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू सैल करणारी गोळी. मे महिन्यात एका तरुण निवासी डॉक्टरांनी माझे मागचे कागद शांतपणे चाळले आणि विचारले, “काका, एका वेळेला किती होते, ते कधी मोजलंय का?” मी कधीच मोजले नव्हते. चाळीस वर्षे मी एका विमा कंपनीच्या कार्यालयात खातेवह्या लिहिल्या, पण स्वतःच्या शरीराचा जमाखर्च मात्र नुसत्या अंदाजाने सांगत होतो, याची त्या क्षणी मला मनापासून खंत वाटली. त्यांनी तीन दिवसांची नोंद करून आणायला सांगितली: किती वाजता काय आणि किती प्यायलो, किती वाजता किती लघवी झाली, घाई किती होती, आणि रात्री उठलो त्या वेळा वेगळ्या खुणेने.

दुकानाविषयी दोन चांगले शब्द लिहिणे मी कर्तव्य समजतो. सर्जिकल दुकानात जाऊन ही वस्तू मागणे अनेक पुरुषांना जड जाते, मलाही गेले. गिऱ्हाइकांची गर्दी होती, शेजारी दोन बायका क्रेप बँडेज घेत होत्या. मी हळू आवाजात सांगितले, तेव्हा मालकांनी तितक्याच हळू आवाजात, “मोजायला पाहिजे की रात्री वापरायला?” एवढेच विचारले आणि दोन वस्तू कागदात गुंडाळून पुढे ठेवल्या. एक हे मापाचे भांडे आणि दुसरे अंथरुणावरच्या रुग्णासाठी असते ते अरुंद मानेचे युरिन पॉट. मोजायचे असेल तर पहिले घ्या, पॉटवरच्या रेघा नावापुरत्या असतात, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. पॉट भांड्यापेक्षा थोडे स्वस्त होते, परंतु पुढे त्यांचा सल्ला खरा ठरला.

आता भांड्याविषयी. घरी आणल्यावर मी पहिल्यांदा ते तपासून पाहिले. पाण्याचे एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, म्हणून पत्नीच्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर रिकामे भांडे ठेवून काटा शून्यावर आणला आणि पाणी ओतत गेलो. २०० च्या रेघेवर काट्याने २०६ दाखवले, ५०० च्या रेघेवर ५१४. घरगुती नोंदीसाठी एवढा फरक काहीच नाही. तळाशी मात्र हे भांडे कच्चे आहे. पहिली रेघ १०० वर आहे आणि त्यापुढे दर ५० ला एक. वाईट दिवसांत एका वेळेला ४० किंवा ६० मिलिलिटरच होते आणि त्याच दिवसांची नोंद सर्वांत महत्त्वाची असते, त्यामुळे खालच्या शंभरातले माप अंदाजाने लिहावे लागणे ही मोठी उणीव आहे. मी खोकल्याच्या औषधाच्या दहा मिलिलिटरच्या टोपणाने पाणी ओतून पाच खुणा स्वतः कोरून घेतल्या. दुसरी उणीव अशी, की रेघा निळ्या शाईने छापलेल्या आहेत. रोज साबणाने धुऊन त्या ऑगस्टअखेरीस पुसट झाल्या आणि रात्रीच्या मंद दिव्यात दिसेनाशा झाल्या. त्याच दुकानात थोडे महाग, उठावाच्या रेघांचे भांडे होते. बोटाने चाचपले तरी त्या रेघा कळतात. मी तेव्हाच ते घ्यायला हवे होते.

तोंड रुंद आहे, हा मोठाच गुण आहे. अर्धवट झोपेत, हात थरथरत असतानाही बाहेर सांडत नाही. मूठ मजबूत आहे. चोचीमुळे मोरीत ओतताना शिंतोडे उडत नाहीत. चाळीत राहणाऱ्याला या भांड्याचा आणखी एक फायदा झाला, जो घेताना माझ्या ध्यानातही नव्हता. आमच्याकडे संडास गॅलरीच्या टोकाला आहेत आणि पावसाळ्यात ती गॅलरी ओली असते. टॅमसुलोसिनने अंथरुणातून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. गेल्या वर्षी मी कठड्याला धरून खाली बसलो होतो. आता मी खाटेच्या कडेला मिनिटभर बसतो, मग मोरीतच भांडे वापरतो, माप पाहतो, ओतून तांब्याभर पाणी टाकतो आणि वहीत लिहितो. भांडे आणल्याच्या पहिल्याच दिवशी पत्नी म्हणाली, “अहो, त्याला लाल दोरा बांधा, सणासुदीला कोणी पाहुणा पाणी घ्यायला उचलेल.” तो दोरा अजून आहे. भांडे रोज साबणाने धुऊन आठवड्यातून एकदा उन्हात ठेवावे लागते, नाहीतर तळाशी पिवळसर थर धरतो आणि वास येतो.

पहिल्या तीन दिवसांच्या नोंदीनेच माझी एक ठाम समजूत खोटी ठरवली. रात्री चार वेळा उठावे लागते याचा सगळा दोष मी प्रोस्टेटला देत होतो. पहिल्या दिवसाची बेरीज १,९४० मिलिलिटर आली. त्यांपैकी रात्री उठून झालेली १८०, २१०, १६०, १५० आणि सकाळी उठल्यावरची पहिली २३०, अशी ९३० मिलिलिटर लघवी रात्रीच्या हिशेबातली होती. सकाळची पहिली लघवी रात्रभर साठलेली असते, म्हणून ती रात्रीतच धरायची असते, हेही मला तेव्हाच कळले. माझ्या वयाला दिवसभराच्या लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लघवी रात्री होत असेल, तर रात्रीच्या उठण्यामागे लघवीचे प्रमाण हेच मोठे कारण असते. माझी तर जवळजवळ निम्मी रात्री होत होती. डॉक्टरांनी वही पाहिली, पायांवर बोट दाबून सूज पाहिली आणि रक्तदाबाची गोळी केव्हा घेता असे विचारले. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले होते आणि मी ती दोन वर्षे, सगळ्या गोळ्या एकदम उरकाव्यात म्हणून, रात्री घेत होतो. ती गोळी त्यांनी सकाळी घ्यायला सांगितली. संध्याकाळी तासभर पाय उंच ठेवून पडायला सांगितले, कारण दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि तेच रात्री लघवीवाटे बाहेर पडते. ते झोपण्याआधीच बाहेर पडलेले बरे. रात्रीच्या जेवणानंतरचे ताक बंद केले. जुलैअखेरीस रात्रीची नोंद २२०, १९० आणि सकाळची २४० अशी आली. १,८८० पैकी ६५०. चारऐवजी दोन वेळा उठणे म्हणजे काय, हे ज्याने वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्यांची झोप घेतली आहे त्यालाच कळेल. आणि यात प्रोस्टेटवर कोणताही नवा उपचार झालेला नव्हता.

दुसरा धडा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाला. पावसात भिजून सर्दी झाली, म्हणून औषधाच्या दुकानातून नेहमीची सर्दीची गोळी आणून दोन दिवसांत चार घेतल्या. दुसऱ्या दिवसाच्या पानावर १७ वेळांची नोंद आहे. एकेक वेळ ४० ते ९० मिलिलिटरची, एकूण बेरीज १,१२०. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी दिवसाला नऊ-दहा वेळा जात होतो आणि दर वेळी १८० ते २०० होत होती. वही नसती तर मी हा पावसाळी हवेचा परिणाम मानला असता. मी कडेच्या रकान्यात गोळीचे नाव लिहिले होते, म्हणून डॉक्टरांच्या ते लगेच ध्यानात आले. नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू आवळते आणि शिंका थांबवणारे क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करते; टॅमसुलोसिन जे स्नायू सैल करायला देतात, त्यांनाच ही गोळी आवळते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशा गोळ्यांनी पूर्ण तुंबू शकते आणि मग नळी घालावी लागते. सर्दीची गोळी चिठ्ठीवाचून सहज मिळते, म्हणून ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी असे मला कळकळीने वाटते. आता सर्दी झाली की मी मिठाच्या पाण्याने नाक धुतो, वाफ घेतो आणि बाकीचे डॉक्टरांना विचारून करतो.

कल्याणला बहिणीकडे गेलो होतो, त्या दिवसाची नोंदही बोलकी आहे. रविवारी रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा ब्लॉक होता, त्यामुळे परतीची गाडी संथ चालली. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे आणि लोकलला शौचालय नसते. वाटेत उतरून जाता आले असते, पण मिळालेली जागा सोडावी असे वाटले नाही आणि मी तीन तास रोखून धरले. ही चूक सर्वस्वी माझी. घरी पोहोचल्यावर सुरू व्हायलाच वेळ लागला, मध्ये दोनदा थांबली, आणि भांड्यात ५९० मिलिलिटर भरली. प्रमाणाबाहेर ताणलेल्या मूत्राशयाचा जोर कमी पडतो. पुढचे दोन दिवस थोडी थोडी, वरचेवर अशी गेले. तेव्हापासून दर दीड-दोन तासांनी, लागो वा न लागो, मी गाडीतून उतरतो. वाटेतल्या कोणत्या स्थानकावर मुतारी कोणत्या टोकाला आहे, हे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. पुरुषाला अशी यादी करता तरी येते. या शहरातल्या बायकांना ती सोय किती अपुरी आहे, हे ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षे सांगत आल्या. मला ते साठी ओलांडून स्वतःवर वेळ आल्यावर उमगले, याचे वाईट वाटते.

या वहीचा सर्वांत मोलाचा उपयोग औषधांच्या श्रेयाविषयी झाला. माणूस नवा उपाय सुरू करतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि जो त्रास मुळातच चढतो-उतरतो तो शिगेला पोहोचल्यानंतर बहुधा उतरतच असतो. त्यामुळे शेवटी जे घेतले त्यालाच श्रेय मिळते. ऑगस्टमध्ये वाईट दिवसांच्या चौथ्या दिवशी वहिनींच्या सांगण्यावरून मी गोखरूचा काढा सुरू केला आणि तीन दिवसांत बरे वाटले. चाळीत दोघांना सांगूनही झाले. नंतर वही उलटी चाळली तेव्हा दिसले, की जूनमधली वाईट पाळी कोणताही काढा न घेता सात दिवसांत ओसरली होती. सप्टेंबरमध्ये काढा बंद असताना आलेली पाळी सहा दिवसांत ओसरली. वहिनींच्या मायेविषयी मला शंका नाही. पण माझ्या नोंदीत काढ्याचा फरक दिसत नाही, आणि ज्यांना सांगितले होते त्या दोघांना मी हेही जाऊन सांगितले. भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या सॉ पाल्मेटोच्या कॅप्सूलांचेही तेच झाले. अमेरिकेतच २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२५ पुरुषांपैकी काहींना वर्षभर ही वनस्पती आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दिली होती, आणि दोन्ही गटांत फरक आढळला नाही, असे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले.

हाच निकष मी डॉक्टरांच्या गोळीलाही लावतो. ऑगस्टअखेरीस त्यांनी टॅमसुलोसिनच्या जोडीला ड्युटास्टेराइड सुरू केले आहे. स्नायू सैल करणारी गोळी काही दिवसांत परिणाम दाखवते. ग्रंथी लहान करणाऱ्या या दुसऱ्या प्रकाराला सहा महिने द्यावे लागतात आणि तिच्यामुळे रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे, तपासणीत मोजले जाणारे प्रथिन) साधारण निम्म्यावर येते, म्हणून पुढे ती तपासणी करणाऱ्या प्रत्येकाला या गोळीविषयी सांगावे लागते. या दोन प्रकारांच्या औषधांची जोडी द्यावी की नाही, याविषयीची सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ३,०४७ पुरुष होते, औषधे डॉक्साझोसिन आणि फिनास्टेराइड ही होती, आणि जोडी घेणाऱ्यांत आजार बळावण्याचा धोका निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी घटला. माझ्यापुरते उत्तर फेब्रुवारीअखेर मिळेल. तोवर एखाद्या चांगल्या आठवड्याने हुरळायचे नाही आणि वाईट आठवड्याने गोळी सोडायची नाही, महिन्याची सरासरी पाहायची, असे मी ठरवले आहे.

धारेचा वेग मोजण्याच्या चाचणीतही भांड्याचा उपयोग झाला. मागच्या वर्षी एका खासगी केंद्रात मला पाण्याच्या दोन बाटल्या पिऊन बसवले आणि नंबर यायला दीड तास लागला. मी कळवळत यंत्रापाशी पोहोचलो, तेव्हा ६४० मिलिलिटर झाली; वेग सेकंदाला जास्तीत जास्त आठ मिलिलिटर आणि नंतरच्या सोनोग्राफीत मूत्राशयात १८० मिलिलिटर शिल्लक. त्या एका कागदामुळे घरात दोन रात्री कोणी नीट झोपले नाही. सेकंदाला १५ च्या वर वेग बहुधा समाधानकारक मानतात आणि दहाच्या खाली अडथळ्याची किंवा मूत्राशय दुबळे झाल्याची शंका येते. परंतु किमान १५० मिलिलिटर झाली नाही, किंवा मूत्राशय प्रमाणाबाहेर भरले, तर तो आकडा विश्वासार्ह राहत नाही. जूननंतर मला माझे नेहमीचे प्रमाण ठाऊक झाले होते. दोन पेले पाणी प्यायल्यावर सुमारे सव्वा तासाने २५० च्या आसपास होते, हे वहीत होते. सप्टेंबरमध्ये पुन्हा चाचणी करताना मी त्या हिशेबाने निघालो आणि माझी नेमकी वेळ आल्यावर सांगितले. २६० मिलिलिटर झाली, वेग १२ आला, शिल्लक ४५ निघाली. त्या दोन चाचण्यांमध्ये गोळ्याही थोड्या बदलल्या होत्या, म्हणून सगळा फरक भरण्याचा असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी पहिला कागद बाजूला ठेवला.

भांड्याला जे जमत नाही, तेही स्पष्ट लिहायला हवे. घड्याळ लावून २४० मिलिलिटरला ३४ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला सात, असे गणित मी करून पाहिले. पण ती सरासरी असते आणि यंत्रातला कमाल वेग वेगळा, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नये. आत किती शिल्लक राहिली हे तर भांडे मुळीच सांगू शकत नाही. ज्याला वरचेवर ३०-४० मिलिलिटर होते, ओटीपोट टणक आणि भरल्यासारखे वाटते, किंवा नकळत गळत राहते, त्याने वही भरत घरी बसू नये. तुंबल्याचीच ती लक्षणे असू शकतात. लघवी पूर्ण थांबली, लघवीत रक्त दिसले किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि घराबाहेरच्या दिवसांची नोंद अपुरीच राहते. मी तेथे फक्त वेळ लिहितो आणि मापाच्या जागी रेघ मारतो, कारण अंदाजाचा आकडा लिहिला की तो पुढे खरा वाटू लागतो.

पर्यायांचे थोडक्यात. युरिन पॉट मी नंतर घेतले. त्याच्या रेघा १०० च्या टप्प्याने आहेत आणि माझ्या तपासणीत ३०० ला ४० मिलिलिटरची चूक निघाली. पण त्याला घट्ट झाकण आहे, म्हणून रात्रीच्या प्रवासात आणि लग्नघरी मुक्काम असेल तेव्हा ते पिशवीत असावे. मुलाने फोनमध्ये नोंदीचे अ‍ॅप घालून दिले होते. ओल्या हाताने रात्री दोन वाजता फोन उघडला की उजेडाने झोप उडते आणि वेळ नंतर भरायची म्हटली की विसरते. खिळ्याला दोरीने टांगलेली वही आणि पेन्सिल, हेच टिकले. रोज चार महिने मोजायची मात्र कोणालाही गरज नाही. मी आता महिन्यातून तीन दिवस पूर्ण मोजतो आणि वाईट पाळी आली की तिचे पहिले दोन दिवस. बाकीच्या दिवशी वही खिळ्यावरच असते. सतत मोजत राहिले तर मन त्यातच अडकते, हे मी जुलैत अनुभवले.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानात पुन्हा गेलो आणि उठावाच्या रेघांची दोन भांडी आणली. एक माझ्यासाठी आणि दुसरे आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या ७४ वर्षांच्या अण्णांसाठी. त्यांची ग्रंथी ३० ग्रॅमचीच आहे आणि त्रास माझ्याहून जास्त. रात्री गॅलरीतून जाताना त्यांच्या काठीचा आवाज मला ओळखू येतो. वर्षभरात आम्ही या विषयावर एक शब्दही बोललो नव्हतो. मी त्यांना वहीच्या पानावर रकाने आखून दिले आणि भांड्याला हिरवा दोरा बांधून दिला. त्यांच्या पहिल्या रात्रीची नोंद २८०, ३१०, २६० आणि सकाळी ३४० अशी आहे. गुरुवारी मी ते पान घेऊन त्यांच्याबरोबर रुग्णालयात जाणार आहे.